वेळेचा हिशेब आणि अण्णासाहेब कर्वे

जून उजाडला कीं दाभोळच्या पंचक्रोशींतील मुलेंमुली कॉलेजाच्या वाटेस लागतात. कोणी दापोलीस जातो, कोणी फेरीबोटीनें वाशिष्ठीची खाडी ओलांडतो, तर कोणी मुंबई-पुणें गांठतो. पुस्तकें घेतलीं जातात, वह्यांवर नांवें घातलीं जातात. परंतु दिवसाचे तास कसे वांटावयाचे, याचा विचार परीक्षा दाराशीं येईतों बहुधा होत नाहीं. अशा वेळीं याच दापोली तालुक्यांतील मुरुडच्या एका विद्यार्थ्याचें चरित्र आठवणें आम्हांस इष्ट वाटतें.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं शेरवली येथें झाला. बालपण मुरुडास गेलें. घरची स्थिति बेताची होती. १८७५ सालीं एका सरकारी परीक्षेकरितां ते सोबत्यांसह भर पावसांत कुंभार्ली घाट चढून साताऱ्यास पायीं गेले. शंभराहून अधिक मैलांची ती वाट तुडवून पोंचल्यावर, वय लहान दिसतें एवढ्याच कारणानें त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं! ती परीक्षा ते पुढील वर्षीं कोल्हापुरास उत्तीर्ण झाले. मुंबईंत रॉबर्ट मनी शाळेंतून १८८१ सालीं मॅट्रिक झाले, तेव्हां त्यांस तेविसावें वर्ष लागून गेलें होतें. पुढें एल्फिन्स्टन कॉलेजांत गणित घेऊन १८८४ सालीं त्यांनीं बी. ए.ची पदवी मिळविली.

या तीन वर्षांचा विचार विद्यार्थ्यांनीं बारकाईनें करावा. विवाह लहानपणींच झालेला. १८८२ सालीं पुत्र रघुनाथ जन्मास आला. शिक्षणाचा खर्च शिकवण्या करून भागवावयाचा. म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांस शिकविण्यांत तास जावयाचे आणि उरलेल्या तासांत स्वतःचें गणित सोडवावयाचें. ज्याच्यापाशीं पैसा नाहीं, त्याचें भांडवल वेळ हेंच होय. आणि तें ज्यानें मोजून वापरलें, त्याचें काम पुढें आयुष्यभर तसेंच चाललें. १८९१ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला व १९०० सालीं तो हिंगण्यास नेला. तेव्हां कॉलेज सुटल्यावर ते पायीं हिंगण्यास जात, तेथें शिकवीत आणि सकाळीं पुन्हां कामावर हजर होत. १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें, तेव्हां त्यांचें वय अठ्ठावन्न वर्षांचें होतें. १९६२ सालीं एकशें चार वर्षांचे होऊन ते निवर्तले.

आमच्या विद्यार्थ्यांनीं यांतून एवढें तरी घ्यावें. प्रवासांत, नोकरींत व घरकामांत जाणारे तास आधीं कागदावर मांडावे. उरलेल्यांत अभ्यासाची एक वेळ ठरवावी व ती मोडूं नये. ज्या दिवशींचा पाठ त्याच दिवशीं पाहावा. कठीण विषय थकलेल्या डोक्यासाठीं ठेवूं नये. हातांतील मोबाइल अभ्यासाच्या वेळीं दुसऱ्या खोलींत असावा. आणि झोपेंतून तास चोरून परीक्षेची भरपाई होत नाहीं, हेंही ध्यानांत ठेवावें.

परंतु सारा भार विद्यार्थ्यांवर टाकून मोकळें होणें हा अन्याय होईल. साताऱ्यास कर्व्यांचें वर्ष बुडालें तें त्यांच्या आळसामुळें नव्हे. कष्टांचें कौतुक करणें सोपें. कष्ट कमी करणें हें समाजाचें कर्तव्य आहे. आणि येथें आम्हांस आईबापांस एक रोखठोक प्रश्न करावयाचा आहे. मुलगा वाचीत बसला कीं घर दबक्या पावलांनीं वावरतें. मुलगी वाचीत बसली कीं पाणी, भांडीं आणि धाकटीं भावंडें तिच्याच वांट्यास येतात. पुढें गुण कमी पडले म्हणजे तिला बुद्धि नाहीं असें ठरवून तिचें शिक्षण आटोपतें घेतात! ज्या पुरुषानें आपल्या आयुष्याचे तास स्त्रियांच्या शिक्षणासाठीं वेंचले, त्याच्याच तालुक्यांत हें चालावें काय?

कर्व्यांचें नांव घेणाऱ्या प्रत्येक घरानें या वर्षीं एवढाच नेम करावा, कीं मुलीच्या अभ्यासाचे दोन तास ठरवून द्यावे आणि त्या वेळांत तिला हांक मारूं नये. तिच्या वांट्याचें काम तेवढा वेळ भावानें करावें. पुतळे व जयंत्या यांहून अण्णासाहेबांचें हें अधिक खरें स्मारक होईल.