नटाला बोल्ट जुळवून देणारा माणूस : जोसेफ व्हिटवर्थ

चार सुती नट म्हणजे चार सुती नट, त्यात काय बघायचे, असे आपल्याला वाटते. आम्हालाही तसेच वाटत होते. 1978-79 च्या सुमारास आमच्या मळ्यातल्या विहिरीवर जुने ब्रिटिश बनावटीचे ऑइल इंजिन होते. ऐन चैत्रात, ऊस पाण्याला आलेला असताना, सायलेन्सरच्या बुडचा एक नट उडाला आणि पाचटात कुठे गेला तो सापडलाच नाही. तालुक्याहून नवा आणला. स्टडवर तो दोन फेरे सरळ गेला, तिसऱ्याला अडला. आमचा गडी अंगाने दणकट. त्याने पान्याला पाइप लावून जोर दिला आणि स्टड बुडातून तुटला. मग हेड काढा, बैलगाडीत घाला, लेथवाल्याकडे न्या, तुटका तुकडा ड्रिल मारून काढा. यात चार दिवस गेले. पाण्याची पाळी चुकली ती चुकलीच.

नट अर्ध्या इंचाचा होता, स्टडही अर्ध्या इंचाचाच होता. फरक होता तो एका आट्याचा. इंजिनाच्या स्टडला एका इंचात बारा आटे, दुकानातल्या नटाला तेरा. त्या म्हाताऱ्या लेथवाल्याने आट्यांची पाती लावून दाखवली तेव्हा पहिल्यांदा व्हिटवर्थ हे नाव कानावर आले. आम्हाला ती एखादी कंपनी वाटली. तो माणूस होता, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

जोसेफ व्हिटवर्थ यांचा जन्म 21 डिसेंबर 1803 रोजी इंग्लंडमध्ये, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावी झाला. वडील शाळामास्तर, पुढे ते धर्मोपदेशक झाले. आई लवकर गेली. चौदाव्या वर्षी पोराला डर्बीशायरमधल्या मामाच्या सूतगिरणीत कामाला लावले. मामाच्या मनात होते की पोरगा धंदा शिकेल आणि गिरणी सांभाळेल. पोराचे लक्ष मात्र सुतात नव्हते, सूत काढणाऱ्या यंत्रात होते. चारएक वर्षांनी त्याने गिरणी सोडली आणि मँचेस्टरला जाऊन साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला. तयार गादी सोडून हातात कानस घेणारा मुलगा. आपल्याकडेही असा मुलगा निघाला की भावकी काय बोलते ते सांगायला नको.

1825 साली त्यांचे फॅनी अँकर्स हिच्याशी लग्न झाले आणि त्याच वर्षी त्यांनी लंडन गाठले. तिथे हेन्री मॉड्स्ले यांचा कारखाना होता. लोखंडी बोल्टवर एकसारखे आटे पाडणारा लेथ खऱ्या अर्थाने कामात आणला तो या मॉड्स्लेंनी, 1800 च्या आसपास. त्या काळी इंग्लंडात ज्याला यंत्रकाम शिकायचे त्याने मॉड्स्लेंच्या हाताखाली काही दिवस काढायचे, अशी रीतच होती. आपल्याकडे गाणे शिकायला उस्तादाच्या घरी राहत, तसेच. पुढे व्हिटवर्थ जोसेफ क्लेमेंट यांच्याकडेही होते. चार्ल्स बॅबेज यांचे हिशेब करणारे प्रसिद्ध यंत्र याच क्लेमेंटच्या कारखान्यात घडत होते.

लंडनमध्ये त्यांनी काय शिकले? सपाट करायला शिकले. ऐकायला हे सोपे वाटते. लोखंडाचे दोन पत्थर एकमेकांवर घासून बरोबर बसवले, तर ते सपाट झाले असे होत नाही. जात्याचे दोन दगड बघा. वरचा जरा खोलगट आणि खालचा जरा फुगीर असला तरी दोन्ही एकमेकांवर झकास बसतात. पण तीन पत्थर घेतले आणि पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पुन्हा पहिल्यावर असे तिन्ही बसवले, तर तिन्ही सपाट झाल्याशिवाय सुटकाच नाही. ही युक्ती मॉड्स्लेंच्या कारखान्यातलीच असावी. मात्र वाळू-पावडर घालून घासण्याऐवजी रंग लावून उंच ठिपका शोधायचा आणि तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा, ही रीत व्हिटवर्थ यांनी पक्की केली आणि 1840 साली ग्लासगोच्या विज्ञान सभेत सर्वांना सांगितली. आजही जुना फिटर निळा रंग लावून स्क्रेपर मारताना दिसतो, तो हीच विद्या चालवत असतो.

1833 साली ते मँचेस्टरला परतले. चोर्लटन स्ट्रीटवर भाड्याच्या जागेत दुकान थाटले आणि बाहेर पाटी लावली, लंडनहून आलेला हत्यारे बनवणारा म्हणून. लंडनचा शिक्का तेव्हाही चालत होता. लेथ, रंधा मारणारी यंत्रे, टॅप, डाय असा माल त्यांच्याकडून जाऊ लागला.

आता मुख्य गोष्ट. त्या काळात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. कुणी अर्ध्या इंचाच्या बोल्टवर दहा आटे पाडी, कुणी तेरा. कुणाचे आटे धारदार, कुणाचे गोल, कुणाचे उथळ. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर जाईल याचा भरवसा नाही. रेल्वे नुकती सुरू झाली होती. इंजिन एका गावात बनलेले, बिघडले शंभर मैलांवर. एक बोल्ट तुटला की ज्याने बनवले त्याच्याकडूनच तो मागवायचा, नाहीतर भोक मोठे करून नवे आटे पाडायचे. आणि खरे सांगायचे तर कारखानदारांना यात वाईट काहीच वाटत नव्हते. गिऱ्हाईक बांधलेले राहते ना!

व्हिटवर्थ यांनी इथे जे केले त्यातच त्यांचे मोठेपण आहे, असे आम्हाला वाटते. त्यांनी स्वतःचा आटा सर्वांत उत्तम असे म्हटले नाही. देशभरच्या मोठमोठ्या कारखान्यांतून त्यांनी बोल्ट गोळा केले. प्रत्येकाचे माप घेतले. आटा किती खोल, किती उतरता, इंचात किती. मग त्या सगळ्यांची सरासरी काढली. उताराचा कोन निघाला 55 अंश. टोक आणि बूड खोलीच्या एक षष्ठांशाने गोल करायचे, म्हणजे धार मोडत नाही आणि बुडात चीर जात नाही. पाव इंचाला वीस आटे, तीन सुताला सोळा, अर्ध्या इंचाला बारा, पाऊण इंचाला दहा, एक इंचाला आठ. हा तक्ता त्यांनी 1841 साली लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेपुढे मांडला.

सरासरीचा फायदा असा की कुणाचाच आटा पुरता निवडला गेला नाही, म्हणून कुणाची हार झाली नाही. गावात बांधावरून तंटा असला की शहाणा पंच काय करतो? तेच. सरकारने कायदा केला नव्हता, सक्ती नव्हती. रेल्वे कंपन्यांनी हे आटे घेतले, त्यांच्यामागून बाकीचे आले. शिवाय त्या मापाचे टॅप आणि डाय व्हिटवर्थ यांच्याच दुकानात तयार मिळत. धंद्याची बाजू त्यांना चांगली कळत होती, यात लपवण्यासारखे काही नाही.

या कामाची खरी परीक्षा क्रिमियाच्या लढाईत झाली. इंग्रज आरमाराला लहान तोफनौकांसाठी घाईने नव्वद इंजिने हवी होती. एका कारखान्याच्या आवाक्यातले ते काम नव्हते. जॉन पेन यांनी एका नमुन्याचे सुटे भाग अनेक कारखान्यांत वाटून दिले. आटे सगळीकडे व्हिटवर्थचे. भाग आले आणि जुळले. पंधरा वर्षांपूर्वी हे कुणी बोलले असते तर हसले असते लोक.

मापाचे वेड त्यांना आधीपासूनच होते. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांनी इंचाचा दहा लाखावा भाग ओळखणारे यंत्र मांडले. तीन फुटांची पोलादी सळई त्यात बसवून तिला क्षणभर बोट लावले, तरी हाताच्या उबेने ती किती वाढली ते कळत असे. कारखान्यातल्या माणसाने सुताच्या निम्म्या-पाव भागात न बोलता इंचाच्या हजाराव्या भागात बोलावे, असा त्यांचा आग्रह होता. आपले फिटर ज्याला थाऊ म्हणतात, तो हाच हजारावा भाग.

बंदुकीच्या बाबतीत मात्र त्यांना यश हुलकावणी देत राहिले. सरकारने एन्फील्ड रायफल सुधारायला सांगितले, तर यांनी षटकोनी नळीची नवी रायफल काढली. 1857 च्या चाचणीत ती लांब पल्ल्यावर एन्फील्डला भारी पडली. 1860 साली विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियाने स्टँडवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलची दोरी ओढून नेमबाजीचे उद्घाटन केले आणि गोळी चारशे यार्डांवर जवळजवळ मध्यावर लागली. तरी सैन्याने ती घेतली नाही. महाग पडत होती आणि नळीत काजळी लवकर धरायची. सर्वांना परवडेल असा आटा ठरवणाऱ्या माणसाने न परवडणारी बंदूक बनवावी, ही गंमतच म्हणायची.

पैसा मात्र भरपूर मिळाला. 1868 साली त्यांनी वर्षाला तीन हजार पौंडांच्या शिष्यवृत्त्या ठेवल्या, शंभर पौंडाची एक अशा तीस. अट अशी की मुलाला पुस्तकी गणितही आले पाहिजे आणि हातात हत्यारही धरता आले पाहिजे. या शिष्यवृत्त्या आजही दिल्या जातात. 1869 मध्ये त्यांना बॅरोनेट किताब मिळाला. पहिली पत्नी 1870 मध्ये वारली, पुढच्या वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले. मूल मात्र झाले नाही. डर्बीशायरमध्ये डार्ली डेलजवळ त्यांनी मोठी इस्टेट केली होती. 22 जानेवारी 1887 रोजी माँटे कार्लो इथे, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि डार्ली डेलच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले. मागे राहिलेल्या पैशातून तिथे दवाखाना उभा राहिला, मँचेस्टरला चित्रांचे संग्रहालय झाले.

मग आमचा तेरा आट्यांचा नट आला कुठून? तो अमेरिकेतून. 1864 साली फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्स यांनी 60 अंशांचा, चपट्या टोकाचा आटा मांडला. व्हिटवर्थचे गोल टोक काढायला हत्यारे जास्त लागतात आणि कारागीर मुरलेला लागतो, हा त्यांचा आक्षेप. आणि तो खोटा नव्हता. त्यांच्या तक्त्यात पाव इंचाला वीस, तीन सुताला सोळा असे बरेचसे आकडे व्हिटवर्थसारखेच आहेत, पण अर्ध्या इंचाला तेरा. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज आणि अमेरिकन एका बाजूने लढत होते, पण एकाचा नट दुसऱ्याच्या गाडीला चालत नव्हता. त्या अनुभवाने शहाणे होऊन 1948 च्या नोव्हेंबरात अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून एक आटा ठरवला. कोन घेतला 60 चा आणि अर्ध्या इंचाला तेराच ठेवले. 1965 मध्ये ब्रिटनच्या मानक संस्थेने व्हिटवर्थ आटा नव्या कामात वापरू नका असे सांगितले. आपल्याकडे 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली.

त्यामुळे आपल्या शेतातल्या पत्र्याच्या डब्यात आज तीन घराण्यांचे बोल्ट एकत्र नांदतात. जुन्या इंजिनाचे व्हिटवर्थ, काही जुन्या ट्रॅक्टरांचे अमेरिकी वळणाचे, नव्या अवजारांचे मेट्रिक. पान्यांचीही तीच तऱ्हा. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, बाकीच्या दोन्हींवर पान्याच्या तोंडाचा. म्हणून अर्धा लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड पाऊण इंचाहूनही मोठे भरते. जवळपासचा पाना लावून झटका दिला की नटाचे कोपरे जातात आणि मग छिन्नी-हातोडी. हमरस्त्यावरच्या टायरवाल्याकडे हवेवर चालणारी गन असते, ती चार सेकंदांत चाकाचा नट आवळते. पण जाणता टायरवाला नट आधी बोटांनी तीन-चार फेरे चढवतो, मगच गन लावतो. गनला आटा चुकलेला कळत नाही, बोटांना कळतो.

व्हिटवर्थचा आटा मात्र पुरता गेला असे समजू नका. मोटारीवरून टाकीला जाणारा जीआय पाइप, त्याचा सॉकेट, निपल, व्हॉल्व, घरातला नळ, या सगळ्यांचे आटे आजही 55 अंशांचेच आहेत. भारतीय मानकातही पाइपासाठी तोच आटा ठेवला आहे. अर्धा आणि पाऊण इंची पाइपाला इंचात चौदा, एक इंच आणि त्यावरच्याला अकरा. प्लंबर पाइपाला डाय लावून तेल सोडतो आणि चमकदार भुगा खाली पडायला लागतो, तेव्हा तो व्हिटवर्थचाच आटा पाडत असतो.