विश्लेषण : छळ, क्षमा आणि पुन्हा मांडलेला संसार, लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट पडद्यावर वेगळी का ठरते?

ख्रिस्ती विषयावरचे चित्रपट म्हटले की एक ठरलेला साचा डोळ्यांसमोर येतो. श्रद्धेसाठी सोसणारा माणूस, बाहेर खवळलेला जमाव आणि शेवटी क्षमा. १९५१ च्या ‘क्वो व्हाडिस’मध्ये रोमचा सम्राट नीरो ख्रिस्ती लोकांना सिंहांपुढे टाकतो. तेलुगूतला १९७८ चा ‘करुणामयुडु’ हिंदीत ‘दयासागर’ नावाने गावोगावी दाखवला गेला. ओडिशात जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जाळून मारण्यात आले. पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना माफ केले. त्या घटनेवरचा ‘द लीस्ट ऑफ दीज’ २०१९ मध्ये आला.

मराठीत या विषयाच्या सर्वांत जवळ जाणारा चित्रपट मात्र जमावाचा नाही, एका घराचा आहे. विजया मेहता यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनसाठी केलेला ‘स्मृतिचित्रे’. त्यात लक्ष्मीबाई टिळकांची भूमिका सुहास जोशी यांनी, तर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भूमिका रवींद्र मंकणी यांनी केली. (लोकमान्य टिळकांशी गल्लत नको. हे टिळक कवी होते.) चित्रपटाचा आधार म्हणजे लक्ष्मीबाईंचे त्याच नावाचे आत्मचरित्र.

कोण होत्या लक्ष्मीबाई?

जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. आईचे वडील १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी गेले. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने असे पछाडले की बाजारातून आलेला किराणाही धुऊन घेतल्याशिवाय घरात जात नसे. हा जाच घरातल्या बायकांनीच भोगला. पुढे जे घडले ते समजून घ्यायला हे बालपण लक्षात ठेवावे लागते. शिवाशिवीची भीती त्या मुलीच्या अंगात लहानपणीच भिनवली गेली होती.

अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. नवरा हुशार, शीघ्रकवी, मनाने उदार आणि संसाराला कमालीचा बेभरवशाचा. न सांगता घर सोडायचे, नोकऱ्या बदलायच्या, हातातले पैसे भलत्याच कामी घालवायचे. बायकोला अक्षरओळख मात्र त्यांनीच करून दिली.

१८९५ मध्ये काय घडले?

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. वॉर्ड यांनी त्यांना बायबलचा नवा करार दिला. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. निर्णय त्यांचा एकट्याचा होता आणि त्याची किंमत लक्ष्मीबाईंना मोजावी लागली.

त्या काळी धर्म बदललेला माणूस घराला मेल्यासारखा असे. त्याची बायको मात्र ना सधवा, ना विधवा. पदरात मुलगा देवदत्त, वय चारच्या आसपास. नातेवाइकांनी मायलेकरांना पंढरपूरला नेले. नांदेड-लातूरहून ज्या गावाला माणसे दर वर्षी मनाचा भार उतरवायला जातात, तिथे या बाईला वेड लागायची पाळी आली. नातेवाईक दुष्ट नव्हते. ते तिला जपत होते, तिच्यावर नजर ठेवत होते, तिच्यासाठी रडतही होते. छळाची ही जात चित्रपटांत क्वचित दिसते, कारण इथे बोट दाखवायला खलनायक सापडत नाही.

एक कायदेशीर बाजूही होती. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा जोडीदार धर्मांतरामुळे नांदायला तयार नसेल, तर १८६६ च्या कायद्याने तिला न्यायालयातून विवाह मोडून घेता येत होता. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले.

मग समेट कसा झाला?

एका दिवसात नाही. चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, पण सोवळे बरोबर घेऊन. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारचा अहमदनगर जिल्हा इंग्रजांकडे होता आणि तिथे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे होते. टिळक या मिशनसाठी काम करत. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू. तिचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी तिच्या सोवळ्याची सोय करून दिली, घाई केली नाही. ज्याने आधी न विचारता सगळे केले होते, तो माणूस आता थांबायला शिकला होता. समेटातला हा अर्धा भाग बहुतेक वेळा सांगायचा राहून जातो.

उरलेला अर्धा लक्ष्मीबाईंचा. राहुरीला असताना त्यांच्या मनाने घेतले की जात देवाने केलेली नाही, माणसांनी केली आहे. एकदा हे पटल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा मात्र त्यानंतर, १९०० मध्ये. म्हणजे आधी शिवाशिव गेली, मग धर्म बदलला. वडिलांच्या घरातले ते धुणे-विसळणे इथे संपले.

तो काळ १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाचा. अनाथ मुले मिशनच्या आसऱ्याला येत होती. टिळकांचे घर पुढे कायमच परक्या मुलांनी भरलेले राहिले. १९०७ च्या जळगाव कविसंमेलनात नाव झालेले त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, नगरला याच घरात राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली.

क्षमा म्हणजे विसरणे होते का?

‘स्मृतिचित्रे’ वाचणारा याला होकार देणार नाही. नवऱ्याचा तापटपणा, उधळेपणा, घर सोडून जाणे, लक्ष्मीबाईंनी काहीच झाकले नाही. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत गेले. त्यानंतर कैक वर्षांनी हे लेखन सुरू झाले. म्हणजे ज्याच्यावर तक्रार, तो उत्तर द्यायला नव्हता. तरी सूर कडवट नाही. त्या नवऱ्याला हसतात, त्याहून जास्त स्वतःला हसतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईची बोलल्यासारखी भाषा हे त्या पुस्तकाचे बळ. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. त्यातले बहुतेक अध्याय त्यांचे आहेत.

समाजाकडूनही उशिरा का होईना दाद आली. १९३३ मध्ये नागपूरच्या कविसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ज्या नाशिक परिसरात नवऱ्याच्या धर्मांतरानंतर नात्यागोत्यात आकांत झाला होता, त्याच नाशिकमध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांचा जाहीर सत्कार झाला.

चित्रपट न मिळाला तरी पुस्तक सहज मिळते. साहित्य अकादमीची संक्षिप्त आवृत्ती आहे, तसेच नातू अशोक टिळक यांनी संपादित केलेली मोठी आवृत्तीही आहे. शांता गोखले यांचे इंग्रजी भाषांतर २०१७ मध्ये आले.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे नाशिकला निधन झाले, तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तो देवदत्त यांनी पुरा केला. पंढरपूरच्या त्या दिवसांत आईच्या पदराला धरून असलेला मुलगा तो हाच.