छावणीतला संसार : सुभेदार रामजी आणि माता भीमाबाई



आपल्या घरात तथागतांच्या मूर्तीशेजारी परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर असते. पुष्कळ घरांत माता रमाईंचीही असते. परंतु ज्या दांपत्याच्या पोटी बाबासाहेब जन्माला आले त्या सुभेदार रामजी सकपाळ आणि माता भीमाबाई यांची तसबीर फारच थोड्या घरांत दिसते. १४ एप्रिलला आपण बाबासाहेबांना चौदावे रत्न म्हणतो, गाणी गातो, मिरवणूक काढतो. पण चौदावे म्हणताना आधीच्या तेरा बाळंतपणांचा विचार आपल्या मनात येत नाही. ती बाळंतपणे कोणी सोसली, कोणत्या घरात सोसली, तुटपुंज्या मिळकतीत तो संसार कसा चालला, हे नव्याने धम्मात आलेल्या प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखे आहे. हा संसार राजवाड्यातला नव्हता. पलटणीत नोकरी करणाऱ्या एका साध्या नवराबायकोचा तो संसार होता.

रामजींचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्यांचे वडील मालोजी हेही फौजेत होते. म्हणजे गावकीची कामे सोडून पलटणीच्या आश्रयाला जाण्याचा मार्ग या घराण्याने आधीच धरला होता. त्या काळी आपल्या लोकांना फौज का जवळची वाटे, हे तरुण वाचकांनी लक्षात घेतले पाहिजे. गावात राहणाऱ्या महाराच्या वाट्याला येसकराची पाळी, मेलेली ढोरे ओढणे, वेठबिगार आणि त्याबदली दारोदार मागून आणलेले शिळे तुकडे येत. फौजेत मात्र अंगावर गणवेश होता, हातात शस्त्र होते आणि महिन्याचा पगार रोख मिळत होता. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला आपल्या शिपायांनी जे शौर्य गाजवले त्याची साक्ष भीमा नदीच्या काठावरचा जयस्तंभ आजही देतो. फौजेत जातिभेद मुळीच नव्हता असे नाही. पण गावापेक्षा तेथे माणसाला ताठ उभे राहता येत होते.

भीमाबाई ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकर घराण्यातल्या. हे घराणे फौजेत नाव काढलेले होते. त्यांचे वडील सुभेदार मेजर होते आणि चुलतेही मोठ्या हुद्द्यांवर होते, असे बाबासाहेबांचे चरित्रकार सांगतात. घरात खाऊन-पिऊन सुख होते. त्या मानाने रामजी हे गरीब शिपाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच लग्न झाले आणि सुभेदार मेजरची लाडकी लेक साध्या शिपायाच्या खोलीत नांदायला आली. माहेरच्या माणसांना जावयाची गरिबी सलत असे. भीमाबाई मानी होत्या. अंगभर दागिने घालून येण्याइतकी सुबत्ता येईल तेव्हाच माहेरचा उंबरा ओलांडीन, असा निश्चय त्यांनी केला अशी हकीकत सांगितली जाते. नव्या नवरीने असा निश्चय करणे सोपे नाही. माहेर म्हणजे त्या काळच्या बाईचा एकमेव विसावा. तो विसावा त्यांनी नवऱ्याच्या मानासाठी बाजूला ठेवला.

पुढे रामजींना शिकण्याची संधी मिळाली. फौजेसाठी शिक्षक तयार करणारी नॉर्मल स्कूल पुण्यात होती. तेथे ते दाखल झाले. पण शिकणाऱ्या माणसाच्या हातात पैसा किती राहणार? ते पुण्याहून जे थोडेफार पाठवीत त्यात घर भागत नसे. तेव्हा भीमाबाईंनी मुंबईजवळ सांताक्रूझला रस्त्यावर खडी पसरण्याचे काम केले. सुभेदार मेजरची मुलगी डोईवर पाटी घेऊन उन्हात रस्त्याच्या कामावर उभी राहिली, ती नवऱ्याचे शिक्षण अर्धवट राहू नये म्हणून. बाबासाहेबांच्या घराण्यातल्या विद्येचा विचार करताना आपण पुण्याच्या शाळेबरोबर सांताक्रूझच्या त्या खडीचीही आठवण ठेवली पाहिजे. दोघांपैकी एकानेही हात टेकले असते तर रामजी शिक्षक झाले नसते.

रामजी शिकले, फौजेच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिले. सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत ते चढले. फौजेतल्या शाळांची एक गोष्ट फार महत्त्वाची होती. देशी शिपायांच्या मुलांना तेथे शिकणे सक्तीचे होते आणि ही सक्ती मुलींनाही लागू होती. मुलांसाठी दिवसा शाळा भरे, प्रौढांसाठी रात्रीची शाळा असे. ज्या काळात गावच्या शाळेच्या ओट्यावरही आपल्या मुलांना चढू देत नव्हते, त्या काळात छावणीतला शिपाई दिवसभर कवायत करून रात्री पाटी घेऊन बसत होता. आमच्या समाजात पहिल्यांदा अक्षर आले ते बहुतांशी या वाटेने. निवृत्त होऊन गावी परतलेल्या शिपायांतूनच पुढे गोपाळबाबा वलंगकरांसारखे कार्यकर्ते निघाले. त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला जाहीर प्रश्न विचारले.

छावणीतला दिवस बिगुलाने उगवत असे. पुरुषांची कवायत, हजेरी, शाळा. बायकांचे पाणी, दळण, स्वयंपाक, मुले. पलटण हलली की संसारही हलायचा. भांडीकुंडी बांधायची, मुले कडेवर घ्यायची आणि नव्या मुलखात नवी चूल मांडायची. अशा फिरत्या संसारात भीमाबाईंनी चौदा मुलांना जन्म दिला. जी मोठी झाली त्यांत बळराम, आनंदराव आणि भीमराव हे मुलगे आणि मंजुळा, तुळसा या मुली आपल्याला ठाऊक आहेत. बाकीची बरीच बालपणीच गेली. त्यांची नावे कोणी गाण्यात घेत नाही. पण आईच्या मनातून ती गेली नसतील. या घरात रामजींची बहीण मीराबाई हीदेखील राहत होती. तिच्या पाठीला बाक होता. भावाने आणि भावजयीने तिला घरात मानाने वागविले, आणि पुढे या घरावर संकट आले तेव्हा हीच आत्या मुलांची आई झाली.

रामजींच्या घरात दारूचा थेंब येत नव्हता. ते मांसाहारही करीत नसत. कबीरपंथाची दीक्षा घेतलेली असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ घरात भजन होई आणि मुलांना त्या वेळी हजर राहावेच लागे. जातीपातीचा धिक्कार करणाऱ्या कबीराची वाणी बाबासाहेबांच्या कानावर प्रथम पडली ती बापाच्या तोंडून. पुढे बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले तीन गुरू मानले. त्यांपैकी जोतीराव फुले यांच्याशी तर रामजींचा स्नेह होता. म्हणजे तिघांपैकी दोघांची ओळख या छावणीतल्या घरातच झालेली होती. रामजी नुसते गंभीर होते असेही नाही. क्रिकेट आणि फुटबॉल या खेळांची त्यांना आवड होती.

पलटण महूला असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. इंदूरजवळची ही छावणी इंग्रजांनी १८१८ साली वसविली होती. रामजींच्या एका संन्यासी झालेल्या चुलत्याने कुळाचा उद्धार करणारा पुत्र होईल असा आशीर्वाद त्यांना दिला होता, अशी आख्यायिका चरित्रांतून येते. आपण बौद्ध आहोत. आशीर्वादाने महापुरुष घडतो असे आपण मानीत नाही. ज्या घरात आई खडी पसरते, बाप रात्रीची शाळा चालवतो आणि दारूला थारा मिळत नाही, त्या घरातल्या मुलाला आशीर्वादाची गरज नसते.

परंतु या संसारावर लवकरच मोठा घाला आला. १८९२ साली सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा नवा भेद करून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडले त्यांनाच दार लावून घेतले. रामजींच्या मनाला हे फार लागले. न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने त्यांनी या हुकुमाविरुद्ध सरकारकडे अर्ज करविला. त्याचा उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची एक पलटण उभी केली गेली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडलीही गेली. कायमची महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर. बापाने दिलेला अर्ज मुलाने पन्नास वर्षांनी तडीस नेला असे म्हणता येईल.

निवृत्त झाल्यावर सुभेदारांनी कुटुंब दापोलीला आणले. तेथून ते साताऱ्याला गेले. छावणीतला आसरा सुटला आणि गावातली अस्पृश्यता मुलांच्या अंगावर आली. शाळेत वेगळे बसायचे, तहान लागली तर शिपाई वरून पाणी ओतेल तेव्हाच प्यायचे. न्हावी केस कापीत नसे म्हणून मोठी बहीण भावांचे केस कापी. आणि अशा वेळी १८९६ साली, साताऱ्यात, भीमाबाई गेल्या. धाकटा भीम त्या वेळी जेमतेम पाच वर्षांचा होता. खडीची पाटी वाहून ज्या माउलीने नवऱ्याला शिक्षक केले, तिला आपला मुलगा इंग्रजी शाळेत नाव घालताना पाहायला मिळाला नाही. साताऱ्याच्या इंग्रजी शाळेत भीमरावांचे नाव दाखल झाले ते ७ नोव्हेंबर १९०० रोजी. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

रामजींना पुढे खटाव तालुक्यातील गोरेगावला खजिनदाराची नोकरी मिळाली. दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तेथे तलाव खोदला जात होता. १९०१ साली मुले वडिलांना भेटायला निघाली. मुलांचे पत्र वडिलांना वेळेवर मिळाले नव्हते. मसूर स्टेशनवर कोणी न्यायला आले नाही. अंगावर चांगले कपडे पाहून स्टेशनमास्तर जवळ आला आणि जात कळताच मागे सरला. गाडीवान दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकेना. मुलांनीच बैल हाकले, गाडीवान बाजूने चालला, आणि रात्रभर त्या लेकरांना प्यायला पाणी मिळाले नाही. आईबापांनी छावणीत ज्यांना अब्रूने वाढविले त्या मुलांना बाहेरच्या जगाने काय दाखविले, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

तरी सुभेदार खचले नाहीत. १९०४च्या सुमारास ते मुंबईला परळच्या डबक चाळीत राहायला आले. खोली एकच. तीत चूल, भांडी, माणसे आणि मुलाचा अभ्यास. संध्याकाळी मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः जागे राहायचे आणि पहाटे दोनला त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे, असा त्यांचा क्रम होता. मुलाला पुस्तक हवे असेल आणि हातात पैसे नसतील तर ते लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत करीत. भीमाबाईंनी एके काळी दागिन्यांचा निश्चय केला होता. त्यांच्या लेकींनी आपले दागिने भावाच्या पुस्तकांसाठी काढून दिले. आईचा मान असा पुस्तकांच्या रूपाने घरात आला. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. बडोद्याच्या नोकरीवर गेलेल्या मुलाची ते वाट पाहत होते. वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून मुलगा वाटेत सुरतला उतरला आणि त्याची गाडी चुकली. तो पोहोचला तेव्हा अगदी थोडा वेळ उरला होता. त्याच वर्षी भीमराव अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. ते वैभव पाहायला दोघांपैकी कोणीच उरले नव्हते.

१९२३ साली बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेला त्याग आणि दाखविलेली दृष्टी यांबद्दलची कृतज्ञता त्या पानावर नमूद आहे. लक्षात घ्या, तेथे एकट्या वडिलांचे नाव नाही. आईचाही मान तितकाच आहे.

उपासक-उपासिकांनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरात आज नोकरदार तरुण जोडपी आहेत. कोणी फौजेत आहे, कोणी गिरणीत, कोणी रेल्वेत. बदली आहे, भाड्याची खोली आहे, पगार पुरत नाही. रामजी आणि भीमाबाईंनाही पुरत नव्हता. तरीही त्यांनी घरात दारू येऊ दिली नाही, मुलींना शाळेपासून दूर ठेवले नाही आणि पाठीला बाक असलेल्या बहिणीला ओझे मानले नाही. आपण १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे पंचशील घेतले, त्यातले मद्यापासून दूर राहण्याचे शील तर या छावणीतल्या घरात आधीपासूनच पाळले जात होते.

येत्या १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालाल तेव्हा शेजारी या दोघांची तसबीर लावा. आणि मिरवणुकीहून परत आल्यावर मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, अभ्यासाला बसवा.

जयभीम!