विश्लेषण : फावल्या वेळात चित्रे काढणारा औंधचा राजा कोण होता? वर्ध्याशी त्याचे काय नाते?

सेवाग्रामची बापूकुटी पाहून आलेल्यांना चरखा आठवतो, साधी बैठक आठवते आणि भिंतीवरची ताडाची झाडेही आठवतात. मातीच्या भिंतीवर मातीचाच उठाव देऊन मीराबेन यांनी ती केली होती. मीराबेन काही व्यावसायिक कलाकार नव्हत्या. कामाच्या रगाड्यातून वेळ काढून हाताने काहीतरी घडवावेसे वाटले, एवढेच.

याच परिसरात १९३८ च्या अखेरीस एका संस्थानाच्या राज्यघटनेवर खल सुरू होता. त्या वेळी गावाचे नाव सेगाव होते; सेवाग्राम हे नाव १९४० मध्ये आले. संस्थान होते सातारा भागातले औंध आणि त्याचा राजा सत्तरीला पोहोचलेला. या राजाने आयुष्याची कित्येक वर्षे रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवण्यात घालवली होती. चित्रे विकून त्याला पोट भरायचे नव्हते, की कुणा परीक्षकाला खूश करायचे नव्हते. मन रमवण्यासाठी चित्रकला शिकावी का, आता या वयात जमेल का, असे प्रश्न आज अनेकांना पडतात. त्यांच्यासाठी श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे आयुष्य पाहण्यासारखे आहे.

कोण होते बाळासाहेब?

आधी एक खुलासा. हे औंध म्हणजे पुण्यातले औंध नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले, यमाईच्या डोंगराखालचे हे औंध. छत्रपतींच्या दरबारातले प्रतिनिधी हे मोठ्या मानाचे पद. त्या घराण्याचे हे संस्थान. संस्थान मोठे म्हणावे तर क्षेत्रफळ जेमतेम ५०१ चौरस मैल, आणि तेही सलग नाही. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे असा तुकड्या-तुकड्यांचा कारभार.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. त्यांनी पदवीपर्यंत शिक्षण घेतले. राजेपदाच्या लांबलचक बिरुदांबरोबर आपल्या पुस्तकांवर ते बी. ए. ही पदवीही छापत असत. गादी त्यांच्याकडे आली १९०९ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी. म्हणजे राजा होण्याआधी एक अख्खे तरुणपण त्यांच्या हाताशी होते.

त्यांचे छंद एक-दोन नव्हते. ते कीर्तन करत. रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांमधून मुलांकडून घालून घेत. या व्यायामावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. १९३५ मध्ये इंदूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. या सगळ्यातून चित्रांसाठी वेळ काढणारा हा माणूस शिस्तीचा असणार, हे वेगळे सांगायला नको.

चित्रांचे वेड आणि रविवर्मांचा काळ

बाळासाहेब ऐन पंचविशीत असताना मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना सुरू झाला. ते साल १८९४. तिथून निघालेल्या रंगीत तसबिरी घरोघरी पोहोचल्या. लक्ष्मी कशी दिसते, सरस्वती कशी दिसते, याची मराठी मनातली प्रतिमा आजही बरीचशी त्याच छापखान्याची आहे. चित्र म्हणजे पुराणातला प्रसंग, तैलरंग आणि अंगावर भरजरी वस्त्रे, हा त्या काळचा सर्वमान्य साचा होता.

बाळासाहेबांचा छंदही याच वातावरणात वाढला. विषय रामायण-महाभारताचे. १९१६ मध्ये त्यांचे ‘चित्ररामायण’ छापले गेले. त्याची इंग्रजी आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या डिजिटल संग्रहात मोबाइलवरही चाळता येते.

पण पुढे त्यांना एक प्रश्न पडला. रामाच्या किंवा पांडवांच्या काळातली माणसे खरोखर असे कपडे घालत असतील का? सीतेला नऊवारी, दरबारी मंडळींना पेशवाई थाटाचा पोशाख, हे कितपत बरोबर? आपण एखादे चित्र नेटवरून बघून काढतो आणि पुढे जातो. बाळासाहेब मात्र या प्रश्नाच्या मागे लागले. जुनी शिल्पे, लेण्यांतली चित्रे, केशरचना, दागिने, रथ, शस्त्रे यांचा त्यांनी अभ्यास सुरू केला. त्यातून वेरूळच्या लेण्यांवर १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावर १९३२ मध्ये अशी दोन माहितीपुस्तके त्यांच्या नावावर जमा झाली. मन रमवायला हातात घेतलेला कुंचला माणसाला लेण्यांच्या काळोखात घेऊन गेला, तो असा.

महाभारताच्या पानांवर राजाची चित्रे

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, हे अनेकांना ठाऊक असते. देशभरातल्या हस्तलिखितांतले पाठ एकमेकांशी ताडून, नंतरची भर बाजूला काढत मूळच्या शक्य तितक्या जवळचा पाठ ठरवण्याचे हे काम. त्याच्या मुळाशी बाळासाहेबांचा पैसा आणि बाळासाहेबांचा हट्ट, दोन्ही होते. महाभारताची आवृत्ती चिकित्सक तर हवीच, पण सचित्रही हवी, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी १९१८ मध्ये त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. पुढच्याच वर्षी १ एप्रिलला रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला.

या आवृत्तीचे आदिपर्व वि. स. सुखठणकर यांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून औंधच्या राजांचे नाव आहे, आणि चित्रे प्राचीन नमुन्यांवरून काढल्याची नोंदही. भरजरी पोशाखाचा तो जुना प्रश्न इथे कामी आला.

आता यावर कुणी म्हणेल, पैसे त्यांचेच, मग चित्रेही त्यांचीच लागणार. ही शंका रास्त आहे. देणगीदार राजा नसता तर संशोधकांनी या खंडांसाठी हीच चित्रे निवडली असती का? मला तसे वाटत नाही.

मग चित्रे चांगली होती का?

मोकळेपणाने सांगायचे तर, मध्यम. ‘चित्ररामायणा’तली पाने उलटताना माणसे थोडी ताठर वाटतात. प्रसंग ओळखू येतो, पण रविवर्मांच्या चित्रात चेहऱ्यावर जे घडते ते इथे क्वचितच घडते. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात बाळासाहेबांचे नाव येते ते बहुतेक संग्राहक आणि आश्रयदाते म्हणून.

त्याने फरक पडतो का, हा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ प्रौढांना मार्कर, माती, कोलाजचे साहित्य देऊन ४५ मिनिटे हवे ते करू दिले. आधी आणि नंतर लाळेतले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडले जाणारे संप्रेरक, मोजले. सुमारे तीन चतुर्थांश लोकांमध्ये ते कमी झाले, आणि पूर्वी कला शिकलेले व न शिकलेले यांच्यात लक्षणीय फरक दिसला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण मन हलके होण्यासाठी चित्र भारी असावे लागत नाही, इतपत सूचना त्यात आहे.

जगातही अशी उदाहरणे आहेत. पहिल्या महायुद्धात दार्दानेल्सची मोहीम फसल्यावर विन्स्टन चर्चिल यांचे नौदलाचे खाते गेले. त्या निराशेत, १९१५ च्या उन्हाळ्यात, वयाच्या चाळिशीत त्यांनी पहिल्यांदा रंग हातात घेतले आणि पुढे आयुष्यभर ते निसर्गचित्रे काढत राहिले. रवींद्रनाथ टागोर तर साठी उलटल्यावर चित्रांकडे गांभीर्याने वळले. त्यांचे पहिले प्रदर्शन १९३० मध्ये पॅरिसला भरले. चर्चिल आणि बाळासाहेब यांची तुलना मात्र एका जागी गमतीची होते. एकाला साम्राज्य सुटू नये असे वाटत होते, दुसऱ्याने आपले राज्य आपणहून सोडले.

औंधला जमलेली मंडळी

राजाला चित्रांत रस असल्याचा एक परिणाम असा झाला की त्याच्याभोवती माणसेही तशीच जमली. वेदांचे भाष्यकार पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर मुळात चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकलेले, हैदराबाद आणि लाहोरला चित्रे काढून पोट भरलेले. ते १९१८ च्या सुमारास औंधला आले आणि तिथेच त्यांचे स्वाध्याय मंडळ उभे राहिले. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर पुढे नामवंत चित्रकार आणि महाराष्ट्राचे कला संचालक झाले.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा तर आम्हा इंजिनीअरिंगवाल्यांना फारच जवळची. तेही चित्रकार व्हायला जे. जे.मध्ये गेले होते. तिथे त्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले, म्हणून ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळ माळरान दिले, बिनव्याजी दहा हजार रुपये दिले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. रंग न दिसणारा एक चित्रकार आणि रंगांत रमणारा एक राजा यांच्या ओळखीतून लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला, हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

कवी ग. दि. माडगूळकर यांचे शिक्षणही औंधला झाले. चित्ररामायण काढणाऱ्या राजाच्या गावात शिकलेल्या मुलाने पुढे गीतरामायण लिहिले. यात कार्यकारण शोधायला जाऊ नये, पण हा योगायोग लक्षात राहतो.

वर्ध्याशी संबंध कसा आला?

बाळासाहेबांचे पुत्र आप्पासाहेब पंत १९३७ मध्ये इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतले. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनीअर औंधच्या संपर्कात आले. बंगळुरूला विजेच्या उपकरणांचा सरकारी कारखाना चालवणारा हा माणूस गांधीजींच्या प्रभावाखाली भारतानंद झाला होता. औंधची सत्ता लोकांच्या हाती द्यावी, हा विचार त्यांनी राजापुढे मांडला आणि राजाला तो पटला. नोव्हेंबर १९३८ मध्ये वाढदिवसाच्या दरबारात बाळासाहेबांनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली.

मसुदा घेऊन मंडळी वर्ध्याला गांधीजींकडे आली आणि घटनेला इथे आकार आला. प्रत्येक गावात प्रौढांनी निवडलेली पाच जणांची पंचायत, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती आणि तालुक्यांतून वर निवडून गेलेले विधिमंडळ, अशी ती रचना. राजाच्या खासगी खर्चालाही मर्यादा घातली गेली. २१ जानेवारी १९३९ रोजी ही घटना लागू झाली. देशभरातले बहुतेक संस्थानिक अधिकार घट्ट धरून बसले होते, तेव्हाची ही गोष्ट. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहतही सुरू झाली, व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तीच.

१९३८ हे साल आणखी एका कारणाने वर्धेकरांनी लक्षात ठेवावे. ३० डिसेंबरला गांधीजींच्या हस्ते वर्ध्यात मगन संग्रहालय सुरू झाले. गावातल्या कारागिरांच्या हातच्या वस्तूंचे घर. आणि त्याच वर्षी तिकडे औंधला, यमाईच्या डोंगराच्या उतारावर, श्री भवानी संग्रहालय उभे राहिले. आयुष्यभर जमवलेली चित्रे आणि शिल्पे बाळासाहेबांनी वाड्यातून काढून लोकांना पाहता येतील अशा जागी नेली. अधिकार आणि संग्रह, दोन्ही एकाच वर्षात त्यांच्या हातून सुटले.

छंदाचे बिल कोण भरते, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा. दुष्काळी मुलखातल्या रयतेच्या सारावसुलीतूनच राजाचा खजिना भरत होता. त्यातूनच चित्रे आली आणि महाभारताचे लाख रुपयेही. बाळासाहेब इतर संस्थानिकांसारखे उधळे नव्हते, तरी हिशेब तोच. नव्या घटनेने खासगी खर्च बांधून घेतल्यावर राजाच्या आवडीनिवडींनाही लोकांनी मान्य केलेल्या रकमेत बसावे लागले. ते त्यांनी स्वीकारले, हे माझ्या दृष्टीने त्यांच्या कुठल्याही चित्रापेक्षा मोठे आहे.

आज काय पाहता येते?

औंध संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. संग्रहालय आता राज्य सरकारकडे आहे. तिथे रविवर्मा आहेत, बंगाल शैलीची चित्रे आहेत, आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे आई-मुलाचे दगडी शिल्पही. खटाव तालुक्यातल्या एका गावात हे शिल्प आहे, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

बाळासाहेबांचे निधन १३ एप्रिल १९५१ रोजी झाले, वयाच्या ८२ व्या वर्षी. ज्या महाभारतासाठी त्यांनी चित्रे काढली, त्याचे काम तेव्हा अर्धवट होते. ती आवृत्ती पूर्ण व्हायला १९६६ साल उजाडले.