ज्याँ प्रुव्हे

ज्याँ प्रुव्हे (८ एप्रिल १९०१ – २३ मार्च १९८४) हे फ्रेंच लोहारकाम कारागीर, रचनाकार आणि कारखानदार होते. घराचे भाग कारखान्यात तयार करून ते जागेवर अल्प वेळात जोडण्याची पद्धत विकसित करणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. दोन पातळ पत्रे किंवा फळ्या आणि त्यांमध्ये उष्णतारोधक थर असलेली पॅनेलची भिंत, तसेच जमिनीपासून उचलून घेतलेले हलके घर, या दोन कल्पनांवर त्यांनी सुमारे तीस वर्षे काम केले. त्यांच्याकडे वास्तुविशारदाची पदवी नव्हती. फर्निचरच्या क्षेत्रातही त्यांचे नाव मोठे आहे.

== बालपण व शिक्षण ==

प्रुव्हे यांचा जन्म पॅरिस येथे झाला, मात्र त्यांचे बालपण पूर्व फ्रान्समधील लोरेन प्रांतातील नान्सी या शहरात गेले. त्यांचे वडील व्हिक्टर प्रुव्हे हे चित्रकार व शिल्पकार होते. काचकलाकार एमिल गाले यांच्यासह ते 'नान्सी संप्रदाय' या कलाचळवळीचे प्रमुख होते. कला ही उद्योगाशी जोडली जावी आणि सामान्यांच्या घरात पोहोचावी, ही या चळवळीची भूमिका होती. तिचा प्रभाव प्रुव्हे यांच्या विचारांवर अखेरपर्यंत राहिला.

अभियंता होण्याची त्यांची इच्छा पहिल्या महायुद्धामुळे व घरच्या आर्थिक ओढाताणीमुळे अपुरी राहिली. १९१६ मध्ये ते पॅरिसजवळ एमिल रोबेर या नामांकित लोहारकाम कारागिराकडे उमेदवारीला लागले. पुढे पॅरिसमध्ये अडालबेर साबो यांच्याकडे त्यांनी शिक्षण पूर्ण केले.

== नान्सीतील कार्यशाळा ==

१९२४ मध्ये प्रुव्हे यांनी नान्सी येथे स्वतःची कार्यशाळा सुरू केली. सुरुवातीला तेथे जाळ्या, कठडे व फाटके तयार होत. लवकरच त्यांनी ऐरणीवरच्या कामाऐवजी पातळ पोलादी पत्रा वाकवून वापरण्याकडे लक्ष वळवले. सपाट पत्रा सहज लवतो, पण त्याला घडी पडली की तो ताठ होतो व भार पेलू शकतो. कमी धातूत अधिक बळकटी देणारे हे तत्त्व त्यांच्या खुर्च्या, दारे, भिंती आणि घरे या सर्वांत आढळते. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या आधुनिक कलाकारांच्या संघाचे ते संस्थापक सदस्य होते.

पॅरिसलगतच्या क्लिशी येथील 'लोकगृह' (१९३५–३९) ही वास्तू त्यांनी यूजेन बोदुएँ, मार्सेल लो आणि व्लादिमीर बोदियान्स्की यांच्यासोबत उभारली. या इमारतीच्या बाह्यभिंतींसाठी त्यांनी दोन पोलादी पत्र्यांचे पॅनेल वापरले. पत्रे ताणलेले राहावेत म्हणून त्यांमध्ये स्प्रिंगा बसवल्या होत्या. पुढील काळातील थरांच्या पॅनेलचा पाया या प्रयोगात दिसतो.

== युद्धकाळ व निर्वासितांची घरे ==

दुसऱ्या महायुद्धात प्रुव्हे फ्रेंच प्रतिकार चळवळीत सहभागी झाले. १९४४ मध्ये नान्सी मुक्त झाल्यानंतर ते काही काळ शहराचे महापौर होते.

लोरेन भागात युद्धाने असंख्य कुटुंबे बेघर झाली होती. त्यांच्यासाठी प्रुव्हे यांनी ६ मीटर × ६ मीटर आणि ६ मीटर × ९ मीटर आकाराची, सुटी करता येणारी घरे तयार केली. घराच्या मध्यभागी कंपासच्या दोन पायांसारखा पोलादी आधार उभा करत. त्यावर आढे टेकवून भोवती लाकडी पॅनेल बसवत. मुख्य भार हा आधार पेलत असल्याने जड भिंतींची गरज नसे. तीन-चार माणसे असे घर एका दिवसात उभे करत. उद्ध्वस्त घराच्या जागेजवळच राहता येत असल्याने कुटुंबांना गाव सोडावे लागत नसे.

== माक्सेव्हिल आणि उंचावरील घरे ==

१९४७ मध्ये प्रुव्हे यांनी नान्सीजवळील माक्सेव्हिल येथे मोठा कारखाना सुरू केला. येथे आरेखन विभाग आणि यंत्रशाळा शेजारी-शेजारी होते. आराखडा तयार होताच त्याचा नमुना बनवून तपासला जाई व दोष आढळल्यास लगेच बदल केला जाई. आराखडा करणारा आणि वस्तू घडवणारा यांची ताटातूट होता कामा नये, हे त्यांच्या कार्यपद्धतीचे मुख्य सूत्र होते.

पॅरिसजवळील मदों येथे सरकारच्या मागणीवरून १४ घरे बसवण्यात आली. झाडीने भरलेल्या उतारावर दगडी जोती बांधून त्यांवर ॲल्युमिनियमच्या पॅनेलची हलकी घरे उभी केली गेली. घराचे वजन कमी असल्याने उतार सपाट करण्यासाठी मोठे खोदकाम करावे लागले नाही.

'उष्णकटिबंधीय घर' ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध रचना होय. यातील पहिले घर १९४९ मध्ये नियामे (सध्याचे नायजर) येथे, तर आणखी दोन १९५१ मध्ये ब्राझाव्हिल (सध्याचे काँगो प्रजासत्ताक) येथे उभारण्यात आली. सर्व भाग फ्रान्समध्ये तयार करून विमानाने नेण्यात आले. वाहतूक व जोडणी सोपी व्हावी म्हणून भागांची लांबी ४ मीटरपेक्षा अधिक ठेवली नव्हती. घर खांबांवर उचलल्याने खालून वारा खेळत असे. भोवतालच्या व्हरांड्यामुळे आतील भिंतींवर थेट ऊन पडत नसे आणि दुहेरी छतातील पोकळीतून गरम हवा वर निघून जाई. मात्र ही घरे स्थानिक बांधकामापेक्षा स्वस्त ठरली नाहीत. वसाहतीतील अधिकाऱ्यांनाही त्यांचे यंत्रासारखे रूप रुचले नाही. त्यामुळे पुढील मागणी आली नाही.

== कारखाना गमावणे ==

यंत्रे व कच्च्या मालासाठी लागणाऱ्या भांडवलापोटी कारखान्यात ॲल्युमिनियम उद्योगाचा हिस्सा वाढत गेला. नव्या भागधारकांना पूर्ण घरांपेक्षा ॲल्युमिनियमचा खप वाढवण्यात अधिक रस होता. निर्णयाचा अधिकार हातातून गेल्यावर १९५३ मध्ये प्रुव्हे यांनी माक्सेव्हिल सोडले. पुढेही ते कल्पना मांडत राहिले, परंतु त्या लगेच घडवून पाहण्याचे साधन त्यांच्याकडे उरले नाही.

१९५४ च्या उन्हाळ्यात त्यांनी नान्सी येथे स्वतःच्या कुटुंबासाठी घर बांधले. तीव्र उतारामुळे बांधकामास अयोग्य मानली गेलेली जागा त्यांनी निवडली. कारखान्यातील उरलेले भाग वापरून, कुटुंबीय व मित्रांच्या मदतीने उतारावर सुमारे २७ मीटर लांबीचे अरुंद घर उभे राहिले. त्यात गोल खिडक्यांची पॅनेलही बसवली आहेत. हे घर आज नान्सी शहराच्या मालकीचे आहे.

त्याच वर्षीच्या कडाक्याच्या थंडीत फ्रान्समधील बेघरांचा प्रश्न तीव्र झाला. १ फेब्रुवारी १९५४ रोजी आबे पिएर या धर्मगुरूंनी रेडिओवरून मदतीचे आवाहन केले. त्यांच्या चळवळीसाठी प्रुव्हे यांनी 'बऱ्या दिवसांचे घर' तयार केले. कडा वर वळलेल्या काँक्रीटच्या जोत्यावर मध्यभागी स्नानगृह व स्वयंपाकघराचा पोलादी गाभा ठेवला होता. त्याभोवती लाकडी थरांच्या पॅनेलच्या भिंती होत्या. १९५६ मध्ये पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी हे घर काही तासांत जोडून दाखवण्यात आले. लोकांनी त्याचे स्वागत केले. परंतु स्नानगृह घराच्या मध्यभागी असणे तत्कालीन नियमांत बसत नसल्याने शासकीय मान्यता मिळाली नाही आणि मोजकीच घरे तयार झाली.

== अखेरची वर्षे ==

१९५७ ते १९७० या काळात प्रुव्हे यांनी पॅरिस येथील राष्ट्रीय कला व हस्तोद्योग संस्थेत अध्यापन केले. १९७१ मध्ये पाँपिदू केंद्राच्या आराखड्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या परीक्षक मंडळाचे ते अध्यक्ष होते. या स्पर्धेत आलेल्या ६८१ आराखड्यांतून रेन्झो पियानो व रिचर्ड रॉजर्स यांच्या आराखड्याची निवड झाली. १९८४ मध्ये नान्सी येथे प्रुव्हे यांचे निधन झाले.

== मूल्यमापन ==

आजच्या संरचनात्मक उष्णतारोधक पॅनेलच्या घरांत बहुधा पॅनेलच छताचा भार पेलतात. प्रुव्हे यांच्या बहुतेक घरांत हा भार स्वतंत्र पोलादी आधारावर असे. तरीही हलकी थरांची भिंत, कारखान्यातील अचूक निर्मिती, जलद जोडणी आणि जमिनीला कमीत कमी धक्का ही सूत्रे दोन्हींत समान आहेत.

युद्धोत्तर फ्रान्सने घरटंचाईवर उपाय म्हणून मुख्यतः काँक्रीटच्या मोठ्या वसाहतींचा मार्ग स्वीकारला. कारखान्यात बनणारे घर मोठ्या संख्येने बनले तरच स्वस्त पडते. त्या प्रमाणातील मागणी प्रुव्हे यांना कधीच मिळाली नाही. त्यांची घरे तांत्रिकदृष्ट्या यशस्वी असूनही सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली नाहीत, याचे हे प्रमुख कारण होय.

त्यांच्या मृत्यूनंतर परिस्थिती उलट झाली. आफ्रिकेतील तिन्ही घरे सुटी करून परत आणण्यात आली. ब्राझाव्हिलच्या घरांवर यादवी युद्धातील गोळ्यांच्या खुणा होत्या. त्यांतील एक घर २००७ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात सुमारे ५० लाख डॉलरना विकले गेले. मोठ्या संख्येने व कमी खर्चात तयार व्हावे म्हणून आखलेले हे घर आज दुर्मीळ संग्राह्य वस्तू मानले जाते.