जमशेटजी वाडिया

गिरीजच्या वज्रगडावरून वसईचा समुद्र दिसतो. या किनाऱ्यावरील कोळ्यांना एक गोष्ट पूर्वापार ठाऊक आहे. होडी फार दिवस पाण्यात राहिली, की तिच्या बुडाला कवचाचे बारीक प्राणी व शेवाळ चिकटते आणि तिचा वेग मंदावतो. शिवाय लाकूड पोखरणारी एक सागरी कीड फळ्यांची चाळण करून टाकते. वसईच्या दक्षिणेस, मुंबईच्या गोदीत बांधलेल्या प्रचंड जहाजांनाही हेच भय असे. तेथील प्रमुख मिस्त्री जमशेटजी बमनजी वाडिया यांना या शत्रूचा विसर पडून चालण्यासारखे नव्हते.

जमशेटजींचा जन्म १७५४ सालचा. त्यांचे आजोबा लवजी १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले व पुढे गोदीचे प्रमुख मिस्त्री झाले. अशा नामांकित घराण्यातला हा नातू. पण त्याने आरंभ केला तो दरमहा १२ रुपयांवर, साध्या सुतारकामाने!

लवजींच्या देखरेखीखाली १७५० साली मुंबईत सुकी गोदी तयार झाली होती. भरतीला जहाज आत घ्यावयाचे, पाणी काढून टाकावयाचे आणि उघडे पडलेले बूड खरवडून स्वच्छ करावयाचे, अशी तेथील रीत. आपल्याकडे मग बुडाला चुना व तेल यांचा जाड थर देत. तो वाळला, की कठीण होई. परंतु कायमचा टिकत नसे.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तांब्याच्या पत्र्यांचा उपयोग होऊ लागला. पत्र्यामुळे कीड लाकडापर्यंत पोहोचत नाही. शिवाय तांबे खाऱ्या पाण्यात अगदी सावकाश विरघळते व चिकटू पाहणाऱ्या जीवांना ते विषारी ठरते. मात्र त्याच्या सान्निध्यात लोखंडी खिळे लवकर झिजतात. म्हणून खिळेही तांब्याचे किंवा त्याच्या मिश्रधातूचे वापरावे लागतात.

१८१० साली जमशेटजींनी सागवानाची ‘मिंडेन’ ही ७४ तोफांची युद्धनौका बांधली. या आकाराची, ब्रिटिश नौदलासाठी ब्रिटनबाहेर बांधलेली ही पहिलीच नौका. पुढे ‘कॉर्नवॉलिस’चे काम चालू असता एक संकट आले. तिच्यासाठी तांबे घेऊन इंग्लंडहून निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकनांनी जिंकले व जाळून टाकले. ‘त्रिंकोमाली’ या नौकेचे आराखडेही त्यातच गेले. तरीही १८१३ च्या मे महिन्यात ‘कॉर्नवॉलिस’ पाण्यात उतरली. आराखड्यांची दुसरी प्रत येण्यास मात्र बराच काळ लागला आणि ‘त्रिंकोमाली’ १८१७ साली पूर्ण झाली.

१८२१ मध्ये जमशेटजी निवर्तले व त्यांचे पुत्र नवरोजी गोदीचे काम पाहू लागले. ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. तिचे मुंबईचे सागवान अद्याप पाण्यावर तरंगत आहे.