महाराणी ताराबाई : पुत्राच्या नावाने केलेले राज्य

मराठी इतिहासलेखनात आणि ऐतिहासिक ललित वाङ्मयात महाराणी ताराबाईंची ओळख प्रामुख्याने १७०० ते १७०७ या सात वर्षांनी निश्चित केलेली आहे. औरंगजेबाशी निकराने झुंजणारी रणरागिणी, ही ती प्रतिमा. समकालीन कवीनेही त्यांना भद्रकालीच्या रूपात पाहिले. परंतु १६७५ मध्ये जन्मलेल्या ताराबाई १७६१ पर्यंत जगल्या. त्या सात वर्षांनंतरचे अर्धशतकाहून अधिक आयुष्य या प्रतिमेत सामावत नाही. म्हणूनच त्यांच्या चरित्राचा अन्वयार्थ लावताना ते विशेष महत्त्वाचे ठरते.

सरसेनापती हंबीरराव मोहिते यांची ही कन्या. हंबीरराव सोयराबाईंचे बंधू असल्याने राजाराम महाराजांशी झालेला ताराबाईंचा विवाह मामेबहीण-आतेभाऊ या नात्यातला होता. लष्करी घराण्यातील स्त्रीच्या वाट्याला येणारे वियोग त्यांना लवकर भोगावे लागले. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत वडील पडले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या वधानंतर पतीला जिंजीचा आश्रय घ्यावा लागला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर ताराबाई जिंजीस पोहोचल्या आणि १६९६ मध्ये त्यांना पुत्र झाला. आजोबांचेच शिवाजी हे नाव त्याला मिळाले. १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, तेव्हा या पुत्राला चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती आणि ताराबाईंचे वय अवघे पंचवीस होते.

बालपुत्रास गादीवर बसवून त्यांनी कारभार हाती घेतला. साताऱ्यापाठोपाठ पन्हाळा, विशाळगड, सिंहगड असे एकामागून एक किल्ले बादशहा जिंकत असताना मराठी फौजा माळवा आणि गुजरातपर्यंत धडका देत होत्या. किल्ला गमावला तरी राज्य गमावले असे होत नाही, हे या धोरणाचे मर्म होते. मोगलपक्षीय इतिहासकार खाफीखान यानेही त्यांच्या बुद्धीची आणि राज्यकारभारातील जाणकारीची मोकळेपणाने दखल घेतली आहे.

तथापि हे सारे कर्तृत्व पुत्राच्या नावाने चाललेले होते, ही बाब दृष्टीआड करता येत नाही. तत्कालीन राजकीय व्यवस्थेत स्त्रीला स्वतःच्या नावाने राज्य करण्याचा मार्ग सहसा खुला नव्हता. १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू होऊन संभाजीपुत्र शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले आणि ताराबाईंच्या अधिकाराचा हा कच्चा दुवा उघडा पडला. शाहू तोतया आहेत, अशी भूमिका त्यांनी घेतली. पण खेडच्या लढाईच्या वेळी सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. सात वर्षे राज्य कोणी राखले, यापेक्षा वारस कोण, हा प्रश्न सरदारांना अधिक निर्णायक वाटला.

पन्हाळा-कोल्हापूरकडे त्यांनी वेगळी गादी उभी केली. तेथेही १७१४ मध्ये सवत राजसबाई यांच्या संभाजी या पुत्राला गादीवर बसवण्यात आले आणि ताराबाई पुत्रासह कैदेत पडल्या. ज्याच्या नावाने त्यांनी राज्य केले, तो पुत्र बंदिवासातच मरण पावला. पुढे त्या साताऱ्यास शाहूंच्या आश्रयाला आल्या. ज्यांचा हक्क त्यांनी नाकारला होता, त्यांच्याच राज्यात त्यांना उतारवय काढावे लागले.

शाहू निपुत्रिक होते. त्यांच्या अखेरच्या काळात ताराबाईंनी आपला नातू गुप्तपणे वाढवला जात असल्याचे उघड केले. १७४९ च्या डिसेंबरमध्ये शाहूंचे निधन झाल्यावर हाच रामराजा छत्रपती झाला. परंतु तो पेशव्यांच्या तंत्राने चालू लागताच, १७५० मध्ये, पंचाहत्तरीच्या ताराबाईंनी त्याला सातारच्या किल्ल्यात कैद केले. दमाजी गायकवाडांच्या साह्याने पेशव्यांना आव्हान देण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. अखेर १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर त्यांनी शपथपूर्वक सांगितले, की रामराजा आपला नातू नव्हेच.

या दोन विधानांपैकी एक असत्य होते, हे उघडच आहे. त्यावरून त्यांना कारस्थानी ठरवणे सोपे आहे. पण त्या शपथेची किंमतही ध्यानात घ्यावयास हवी. पत्नी, माता आणि आजी या नात्यांखेरीज ताराबाईंच्या अधिकाराला दुसरा आधार नव्हता. जेजुरीस त्यांनी त्यातले अखेरचे नाते स्वतःच्या मुखाने तोडले. तरीही रामराजा छत्रपतीच राहिला आणि त्यांच्या हयातीत त्यांच्याच कैदेत राहिला. नाते नाकारूनही धाक टिकला, एवढे बळ अखेरीस त्यांनी केवळ स्वतःच्या व्यक्तिमत्त्वावर मिळवले होते.

१७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले आणि ९ डिसेंबर रोजी साताऱ्यास ताराबाईंचे देहावसान झाले. पतीच्या निधनानंतर त्या एकसष्ट वर्षे जगल्या होत्या. संगम माहुलीस त्यांची समाधी आहे. रणरागिणीच्या प्रतिमेत पहिल्या सात वर्षांचा गौरव होतो. परंतु त्या सात वर्षांचा अधिकार किती परावलंबी होता आणि तो राखण्यासाठी एका मातेला काय काय मोडावे लागले, हे उरलेल्या चोपन्न वर्षांकडे पाहिल्याखेरीज उमगत नाही.